फायटर मासा बाऊलमध्ये का टिकत नाही, आणि कशात टिकतो

प्रश्न: आम्ही नाशिकला फ्लॅटमध्ये राहतो. मुलीच्या हट्टापायी फायटर मासा आणला. दुकानदार म्हणाला, याला पंप-फिल्टर काही लागत नाही, छोट्या काचेच्या बाऊलमध्ये आरामात राहतो. दर रविवारी बाऊल नळाखाली स्वच्छ घासून सगळं पाणी बदलतो. तरी पहिला मासा दोन महिन्यांत गेला, दुसरा पाच आठवड्यांत. परवा तिसरा आणलाय आणि तो दिवसभर तळाशी पडून असतो, खात नाही. आमचं काय चुकतंय? टाकी घ्यावी लागेल का? केवढी?

उत्तर:

तुमच्या नशिबी तीनही मासे कमकुवत आले असतील, असं मला वाटत नाही. फायटर म्हणजे बेट्टा हा चांगला चिवट मासा आहे. नीट ठेवला तर दोन ते चार वर्षं जगतो. तुमचे मासे गेले ते बहुधा पाण्यामुळे. गंमत अशी, की तुम्ही पाण्याची काळजी घेत नव्हता असं नाही. ज्या दिवशी ती घेत होता, तो रविवारच माशाला सगळ्यात जड जात होता.

दुकानदार अर्धं खरं बोलला. बेट्टाला कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवेतला प्राणवायू घेणारं एक घड्यांचं इंद्रिय असतं, त्याला लॅबिरिंथ म्हणतात. म्हणून तो मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. आपल्याकडची मरळही वर येऊन हवा घेते आणि बाजारात थोड्याशा पाण्यात तासन् तास जिवंत राहते; ती याच्या दूरच्या नात्यातली. तेव्हा पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी बेट्टा तगतो, हे खरं. पण मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया टाकत असतो, आणि तो अमोनिया त्याच पाण्यात साठत जातो. हवेचा घोट घेता येतो म्हणून विषारी पाण्यापासून सुटका होत नाही. दुसरे बरेच मासे अशा बाऊलमध्ये गुदमरून मरतील. बेट्टा गुदमरत नाही, म्हणून हळूहळू मरतो. त्याला बाऊल चालतो हा समज एवढ्यावरच उभा आहे.

तुमच्या तीन-चार लिटरच्या बाऊलमध्ये आठवडाभर काय होतं ते पाहा. सोमवारपासून अमोनिया चढायला लागतो. न खाल्लेले दाणे कुजून त्यात भर घालतात. शनिवारपर्यंत कल्ल्यांना इजा होण्याइतकं प्रमाण होतं, पण पाणी दिसायला नितळच असतं, कारण अमोनियाला रंग नसतो आणि एवढ्या प्रमाणात वासही येत नाही. रविवारी तुम्ही सगळं पाणी ओतून देता आणि नळाचं नवं भरता. त्यात क्लोरीन, तापमान वेगळं, पीएच (म्हणजे पाणी किती आम्ल, किती अल्कली याचा आकडा) वेगळा. आणि काचेवर, खड्यांवर जे उपयोगी जिवाणू नुकते कुठे बस्तान बसवत होते, ते घासून निघून जातात. पुढच्या सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

हे जिवाणू म्हणजे या सगळ्या प्रकरणाचा कणा. एका गटातले अमोनियाचं नायट्राईट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या गटातले नायट्राईटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं आणि आठवड्याच्या पाणीबदलात काढून टाकता येतं. जिवाणूंना राहायला पृष्ठभाग लागतो आणि त्यावरून सतत वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. फिल्टर असतो तो यासाठी. पाण्यातला कचरा गाळणं हे त्याचं दुय्यम काम.

आधी आज रात्रीचं बघू. टाकी यायला दोन-चार दिवस लागतील, तोवर त्या बाऊलमध्ये त्याला ठेवू नका. वीस लिटरची नवी प्लास्टिकची बादली घ्या, जिला साबण, फिनेल, फरशीचं पाणी कधी लागलेलं नाही. नळाचं पाणी भरून त्यात दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला. बाऊलमधलं आणि बादलीतलं तापमान हाताला सारखं लागायला हवं. मग बाऊलमधल्या पाण्यात बादलीतलं पाणी पेला-पेला करत अर्ध्या तासात मिसळा आणि मासा अलगद बादलीत सोडा. वर जाळीचं झाकण ठेवा, कारण हा मासा उडी मारतो. एक दिवस खायला देऊ नका. बादलीतला बेट्टा दिसायला काही शोभेचा नाही, पण आत्ता त्याला शोभेपेक्षा वीस लिटर पाणी हवंय.

आता टाकी. दीड फूट लांब, पाऊण फूट रुंद, पाऊण फूट उंच अशी साधी काचेची टाकी काठोकाठ सुमारे चोवीस लिटरची होते. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर वीसेक लिटर पाणी बसतं. एका नरासाठी मी एवढीच सुचवते. दहा लिटरमध्येही ठेवणारे ठेवतात आणि जमवतात, पण नवख्या माणसाने लहान टाकीपासून सुरुवात करणं म्हणजे मुद्दाम अवघड वाट धरणं. पाणी जितकं कमी तितकं तापमान पटकन बदलतं, एक दाणा जास्त पडला तरी अमोनिया वर जातो, चुकायला वावच राहत नाही. उंच टाकी घेऊ नका. लांब शेपटीच्या नराला हवेसाठी दर थोड्या वेळाने वर यावं लागतं, आणि तो पिसारा ओढत फूट-दीड फूट चढणं त्याला जड जातं.

भरलेल्या टाकीचं वजन तीस किलोच्या आसपास जाईल, तेव्हा ती भक्कम, सपाट जागी ठेवा आणि खाली थर्माकोलची शीट घाला. फ्रीजवर नको, तिथे सतत कंप असतो. खिडकीतही नको, ऊन आलं की पाणी हिरवं होतं आणि उन्हाळ्यात उकळतं. झाकण हवंच. पण पाणी आणि झाकण यांच्यामध्ये दोन-तीन इंच हवा राहू द्या. तिथली हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट राहते आणि बेट्टा तीच घेतो. थंडीत उघड्या टाकीवरची गार हवा त्याला मानवत नाही.

फिल्टर म्हणून हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्या. दुकानात तुम्हाला पाण्यात बुडवायचा मोटरवाला फिल्टर दाखवतील, तो वाईट नाही, पण त्याचा झोत बेट्टाला भिंतीवर नेऊन आपटतो. हा मासा मुळात संथ पाण्यातला. स्पंज फिल्टर स्वस्त, झोत मवाळ, आणि स्पंजभर जिवाणूंची वस्ती. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत उलट-झडप बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दाबून धुवायचा. नळाखाली कधीच नाही.

नवी टाकी आणि नवा फिल्टर लावला म्हणजे लगेच जिवाणू आले असं होत नाही. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून, ते कुजू देऊन, जिवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तच. यावर एक जुना उपाय आहे. ओळखीच्या कुणाकडे निरोगी मासे असलेली, वर्षभर चाललेली टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला, मळका स्पंज मागून आणा आणि तुमच्या टाकीत टाका. दुधाला विरजण लावावं तसं हे काम करतं. स्पंज आणताना तो त्यांच्याच टाकीतल्या पाण्यात ओला ठेवून आणा, वाळला की जिवाणू गेले. बाटलीतले तयार जिवाणूही मिळतात. काही चालतात, काही दुकानात उन्हात पडून निकामी झालेले असतात. नुसत्या बाटलीवर मी विसंबणार नाही.

तुमच्याकडे मासा आधीच आहे, तेव्हा महिनाभर रिकामी टाकी चालवण्याची चैन तुम्हाला नाही. माशासकटच टाकी सुरू करावी लागेल आणि पहिला महिना जागरूक राहावं लागेल. अमोनिया आणि नायट्राईट मोजायचं द्रवाचं टेस्ट किट घ्या. कागदी पट्ट्यांची किट स्वस्त असतात, पण त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर अमोनिया मोजायची सोयच नसते आणि तुम्हाला तोच आकडा हवाय. दोघांपैकी कुठलाही ०.२५ पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमच्या) वर दिसला की पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलायचं. सुरुवातीला हे दर एक-दोन दिवसांनी करावं लागेल. खाणं एक दिवसाआड, दोन-तीन दाणेच. पहिल्यांदा अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राईट चढेल आणि उतरेल. दोन्ही सलग आठवडाभर शून्य आणि नायट्रेट मात्र दिसतंय, असं झालं की टाकी बसली. त्यानंतर आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस टक्के पाणी बदललं की पुरे. सगळं पाणी पुन्हा कधीच काढायचं नाही.

क्लोरीनविषयी. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवलं तर क्लोरीन बराचसा उडून जातो, आणि आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लोक हेच करत आलेत. पण पावसाळ्यात पालिका क्लोरीनचं प्रमाण वाढवते तेव्हा या भरवशावर राहू नका, अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. सोसायटीचं पाणी बोअरवेलचं असेल तर ते जड असतं. बेट्टा तेही सहन करतो. ६.५ ते ८ पर्यंतचा पीएच चालतो, तो रोज बदलता कामा नये एवढंच. बरेच जण प्रेमापोटी निव्वळ आरओचं पाणी भरतात. ते करू नका. आरओमध्ये क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच सावरून धरणारं काही उरत नाही आणि काही आठवड्यांत तो घसरतो. जड पाणी मऊ करायचं असेल तर थोडं आरओ मिसळा, पूर्ण नको.

बदामाच्या पानांबद्दल अनेक जण विचारतात. बेट्टावाले ज्याला कटप्पा म्हणतात आणि पाकिटात बांधून विकतात, ते आपल्याकडे रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात उभं असलेलं बदामाचंच झाड. ज्याची फळं मुलं दगडाने फोडून आतली बी खातात ते. त्याचं पिकून लाल-तपकिरी होऊन गळलेलं पान घ्यायचं, हिरवं तोडायचं नाही. फवारणी होत नसलेल्या, गाड्यांच्या धुरापासून लांबच्या झाडाचं, स्वच्छ धुऊन, कडक वाळवून. वीस लिटरला एक मध्यम पान. पाण्याला चहासारखा रंग येतो तो टॅनिनचा. पीएच किंचित उतरतो आणि काही जंतूंची वाढ मंदावते. माशाला ते आवडतं, एवढं नक्की. पण ते औषध नाही, आणि खराब पाण्यावर उतारा तर नाहीच.

तुमचा मासा तळाशी पडून आहे, याचं पाण्याखेरीज आणखी एक कारण असू शकतं: थंडी. नाशिकची थंडी मी तुम्हाला सांगायला नको; निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात असतो. घरातल्या लहान बाऊलचं पाणी डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहज १८-२० अंशांवर येतं. बेट्टा मध्य थायलंडच्या सखल, उष्ण भागातला मासा, त्याला २५ ते २८ अंश हवेत. गारठला की तो सुस्तावतो, खाल्लेलं पचत नाही, मग पोट फुगतं आणि रोग घुसतात. तेव्हा मुंबईत किंवा रत्नागिरीत जे हीटरशिवाय भागतं ते नाशिक, पुणे, नागपूरला हिवाळ्यात भागत नाही. वीस लिटरला २५ ते ५० वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा काचेचा हीटर घ्या आणि २६ वर लावा. बरोबर वेगळा थर्मामीटर हवाच, कारण स्वस्त हीटरवरचा आकडा आणि खरं तापमान यांची गाठ पडेलच असं नाही, आणि क्वचित आतला स्विच चिकटून हीटर बंदच होत नाही. पाणी बदलताना आधी हीटरचं बटण बंद, दहा मिनिटं थांबायचं, मग पाणी काढायचं. तापलेला हीटर उघडा पडला की काच तडकते.

उन्हाळ्याचं उलटं. पाणी ३२-३३ च्या वर जायला लागलं की झाकणाऐवजी जाळी टाकून पृष्ठभागावरून टेबलफॅनचा वारा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात, फक्त रोज कमी झालेलं पाणी भरत राहा. बर्फाचे खडे टाकू नका. बंद बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत ठेवणं त्यातल्या त्यात बरं.

हा मासा डबक्यात राहतो, भातखाचरात राहतो, मग आमच्या बाऊलने काय घोडं मारलं, असं मला हमखास ऐकवलं जातं. थायलंडची भातखाचरं उथळ असतात हे खरं, पण ती एकरच्या एकर पसरलेली असतात. गवत, पाणवनस्पती, माती, हे सगळं मिळून पाणी शुद्ध करत असतं. कोरड्या दिवसांत मासा खळग्यांत अडकतो तो नाइलाजाने, हौसेने नाही. दुसरं ऐकवलं जातं ते असं, की थायलंडातले पैदासकार बेट्टा बाटल्यांत ठेवतात. ठेवतात. नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात, म्हणून शेकडो बाटल्यांच्या रांगा असतात. पण त्या बाटल्या विक्रीपर्यंतच्या, आणि त्यांचं पाणी बदलायला माणसं नेमलेली असतात.

बाकी त्या लोकांचं या माशाशी नातं फार जुनं आहे. जनुकांच्या अभ्यासावरून बेट्टा निदान चारशे वर्षं माणसाळलेला दिसतो. आधी झुंजींसाठी, मग देखणेपणासाठी. सयामचा राजा तिसरा राम याच्याकडून मिळालेले मासे १८४० च्या सुमारास थिओडोर कँटर या ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतल्या डॅनिश डॉक्टरकडे आले आणि त्याने त्यांचं वर्णन छापलं. त्याने दिलेलं नाव मुळात दुसऱ्याच जातीचं असल्याचं दिसल्यावर टेट रीगन या इंग्रज मत्स्यतज्ज्ञाने १९१० मध्ये बेट्टा स्प्लेंडेन्स हे आजचं नाव दिलं. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. रानातला मूळ मासा मातकट-हिरवा आणि आखूड परांचा असतो. तुमच्या बाऊलमधला झुळझुळीत पिसारा ही माणसाची करणी, आणि तिची किंमत मासाच मोजतो.

त्यासाठीच, पुढे कधी मासा निवडायची वेळ आली तर आखूड शेपटीचा प्लाकाट घ्या, असं मी सुचवेन. तो चपळ असतो, कमी आजारी पडतो. हाफमून, म्हणजे १८० अंशांत शेपटी उघडणारा, दिसतो राजबिंडा, पण त्या ओझ्याने थकतो आणि पुष्कळदा स्वतःचीच शेपटी कुरतडतो. ड्रॅगन जातीचे जाड, चमकदार खवले पुढे डोळ्यांवर चढून त्यांना आंधळं करू शकतात. कोई किंवा मार्बल रंगाचा घेतलात तर सहा महिन्यांत तो ओळखू येणार नाही इतका बदलेल. तो आजार नसतो, त्या रंगाचं जनुकच अस्थिर असतं. दुकानातल्या प्लास्टिकच्या ग्लासांच्या रांगेत जो बोट जवळ नेल्यावर तोंड फिरवून तुमच्याकडे येतो, पर उघडतो, ज्याचं पोट खपाटीला गेलेलं नाही, तो घ्या. मोबाईलचा टॉर्च तिरपा मारा. अंगावर सोनेरी भुकटी दिसली तर ते दुकान सोडा.

कोलकात्याहून किंवा चेन्नईच्या कोलथूरहून कुरिअरने मासा मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा. दोन दिवस बंद राहिलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असल्याने तो बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून अशी पिशवी बंदच तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, उघडली की मासा लगेच टाकीत घ्यायचा, पिशवीतलं पाणी फेकून द्यायचं. आज तुम्हाला बादलीत सोडताना सावकाश पाणी मिसळायला सांगितलं, ते बाऊलमधलं पाणी उघडं आणि दोनच दिवसांचं आहे म्हणून.

खाणं. बेट्टा मांसाहारी, किडे-अळ्या खाणारा. पोळीचा चुरा, भात, बिस्किट अजिबात नको. गोल्डफिशचे रंगीबेरंगी दाणेही नकोत, त्यात पीठच जास्त असतं. बेट्टासाठीचे बारीक दाणे, ज्यांच्या पाकिटावर प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त लिहिली आहेत, ते सकाळ-संध्याकाळ दोन-तीन. आठवड्यातून एक दिवस उपास. मधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म (तांबड्या अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले अगदी बारीक जीव) मिळाले तर उत्तम. पोट फुगलेल्या माशाला दोन दिवस उपाशी ठेवून मग डॅफ्निया दिला तर बहुतेक वेळा मोकळं होतं. जिवंत ट्युबिफेक्स (गांडुळांसारखे बारीक किडे) मी देत नाही, ते घाणीत वाढतात आणि येताना रोग घेऊन येतात. डासांच्या अळ्या हे त्याचं आवडतं खाणं, पण त्यासाठी गच्चीवर पाण्याचं पिंप उघडं ठेवायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि पालिकेची माणसं पावसाळ्यात तेच शोधत फिरत असतात. दिवाळीत पाच-सहा दिवस गावी गेलात तर मोठा, निरोगी मासा न खाता छान राहतो. शेजाऱ्यांना खाऊ घालायला सांगू नका, ते मायेने मूठभर टाकतात. टाकीत विरघळत राहणाऱ्या सुट्टीच्या वड्याही नकोत.

आता एक गोष्ट, जी टाकीच्या दुकानात कुणी सांगत नाही. डास मारायची यंत्रं, अगरबत्त्या, झुरळांचे फवारे यांत पायरेथ्रॉइड वर्गातली रसायनं असतात, आणि ती माशांना फार कमी प्रमाणातही मारक असतात. बेट्टा खोलीतली हवा तोंडाने घेतो आणि तुमचा पंप तीच हवा पाण्यात बुडबुडे करून सोडतो. घरात पेस्ट कंट्रोल करणार असाल तर टाकी त्या दिवशी दुसऱ्या घरी हलवा. ते शक्यच नसेल तर पंप बंद करून, टाकीवर प्लास्टिक आणि ओला टॉवेल घालून, खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच उघडा. डासांचं यंत्र टाकीच्या खोलीत लावू नका, मच्छरदाणी वापरा. कारण सापडत नाही असे बरेच मृत्यू चौकशी केल्यावर इथे येऊन थांबतात. टाकीत हात घालण्याआधी हाताला साबण, क्रीम, सॅनिटायझर नाही ना, तेही बघा.

आजारपणात दुकानातली निळी-पिवळी बाटली हा पहिला उपाय नसतो. आधी पाणी मोजायचं आणि बदलायचं. परांच्या कडा झिजताना, काळवंडताना दिसल्या तर रोज पाव टाकी पाणी बदलून, २६-२७ अंश राखून, आठवड्यात फरक पडतो. नवीन वाढ पारदर्शक येते, ती बघून घाबरू नका. अंगावर साखरेएवढे पांढरे ठिपके म्हणजे इच. यात तापमान हळूहळू ३० वर न्यायचं आणि लिटरला एक ते दोन ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ विरघळवून थोडंथोडं घालायचं. परजीवी अंगावर असताना मरत नाही, पाण्यात सुटल्यावरच मरतो, म्हणून ठिपके गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवायचे. मात्र पाठीवर कापसासारखा पांढुरका पट्टा आला आणि तासागणिक वाढतोय, तर ते बहुधा कॉलम्नॅरिस. तो जिवाणूजन्य आहे आणि उष्णतेत झपाट्याने पसरतो. तिथे तापमान वाढवलं तर मासा हातचा जातो. मिथिलिन ब्लू वापरायचंच झालं तर वेगळ्या बादलीत, मुख्य टाकीत नाही, कारण ते फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं. खवले उभे राहून मासा फुगला तर आतले अवयव निकामी होत आलेले असतात. त्यातून फार थोडे परततात, आणि मुलीला खोटी आशा दाखवू नये असं माझं मत आहे.

सोबत दुसरा मासा ठेवायचा विचार असेल तर निदान सहा महिने नको. दुसरा नर कधीच नाही. मादी शोभेसाठी सोबत ठेवली तर ती मार खाते. गप्पीच्या नराची शेपटी बघून बेट्टाला तो प्रतिस्पर्धी वाटतो. वीस लिटरमध्ये एखादी नेराइट गोगलगाय तेवढी बरी, काचेवरचं शेवाळ खाते. तो एकटा कंटाळत नाही. त्याला झाडं द्या: लाकडाला बांधलेलं जावा फर्न, अनुबियास, थोडं जावा मॉस. कमी उजेडात जगतात, खत लागत नाही. पृष्ठभागाजवळ एखादं रुंद पान आलं की तो त्यावर आडवा होऊन झोपतो. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्यांदा बघून रडेल. पाण्यावर बुडबुड्यांचा फेसाळ पुंजका दिसला तर ते नराने बांधलेलं घरटं, घाण समजून काढू नका. आरसा दाखवून त्याला फुलवायची मजा दोन-तीन मिनिटांपुरती ठीक, टाकीमागे कायमचा आरसा लावणं हा छळ आहे. पिल्लं काढायचा मोह इथेच सोडा. एका विणीत शेकड्यांनी अंडी होतात, आणि तीन-चार महिन्यांत प्रत्येक नराला वेगळी बरणी लागते.

बादलीत आल्यावर आणि पाणी २६ अंशांवर स्थिर झाल्यावर दोन-तीन दिवसांत तुमचा मासा वर येऊन दाणा घ्यायला हवा. नाही घेतला, तर अमोनिया, नायट्राईट, तापमान यांचे आकडे आणि टॉर्चच्या उजेडात अंगावर काय दिसतं ते कळवा. नुसतं "सुस्त आहे" यावरून मला औषध सांगता येणार नाही.